एका मृत्युपत्राची चौदा वर्षे

मराठीत ‘भाऊबंदकी’ असा एक शब्द आहे. भाऊ आणि बंधू या दोन प्रेमळ शब्दांपासून तो बनला. परंतु त्याचा अर्थ मात्र कलह असा झाला. हा कलह बहुधा जमिनीवरून उद्भवतो, आणि घरातील कर्ता पुरुष डोळे मिटतो त्या दिवशी तो प्रकट होतो. म्हणूनच शहाणे लोक मरणापूर्वी आपल्या मिळकतीची व्यवस्था लेखी करून ठेवतात. मृत्युपत्र हे भांडण मिटवण्याचे साधन आहे अशी सर्वसामान्य समजूत आहे आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. तथापि ज्या मृत्युपत्रातून भांडण निर्माण झाले, आणि तेही चौदा वर्षे टिकले, अशा एका मृत्युपत्राची हकीकत महाराष्ट्राच्या इतिहासात नमूद आहे. ‘ताईमहाराज प्रकरण’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून ती अनेकांनी वाचलेली असते. एका कुटुंबाच्या वारशाची कहाणी म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यातून आजच्या गृहस्थालाही काही शिकण्यासारखे आहे.

१८९७ साल हे पुण्याच्या दृष्टीने मोठे संकटाचे साल होते. प्लेगने शहर उजाड केले होते. जून महिन्यात रँडसाहेबावर गोळी झाडली गेली होती, आणि जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती. ४ ऑगस्ट रोजी त्यांना मुंबईत जामीन मिळाला. ते पुण्यास परतले, त्या सुमारास त्यांचे स्नेही व दक्षिणेतील प्रथम वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, ऊर्फ बाबामहाराज, हे पटकीच्या विकाराने अंथरुणास खिळले होते. ७ ऑगस्ट रोजी बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. टिळक व अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांच्यासह काही विश्वासू मंडळींना त्यांनी विश्वस्त नेमले होते. टिळकांच्या डोक्यावर स्वतःच्याच खटल्याची तलवार टांगलेली होती. परंतु मरणोन्मुख मित्राचा शब्द त्यांना मोडवेना.

त्या मृत्युपत्राचा आशय थोडक्यात असा होता. पत्नी गरोदर आहे. तिला मुलगा झाला नाही, किंवा झालेला मुलगा अल्पायुषी ठरला, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून विश्वस्तांच्या विचाराने एखादा मुलगा शास्त्राप्रमाणे तिच्या मांडीवर द्यावा, आणि तो वयात येईपर्यंत विश्वस्तांनी मिळकत सांभाळावी. घराणे जुने, इनाम व वाडा असलेले, पण कर्जातही बुडालेले. मागे राहणारी पत्नी, सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज, ही कोवळ्या वयाची. अशा स्थितीत मरणाच्या दारी उभ्या असलेल्या माणसाने याहून अधिक विचार तो काय करावा? वंश, मिळकत आणि देखरेख या तिन्ही गोष्टींची त्याने तरतूद केली. एवढेच खरे, की मांडी जिची, तिच्या पुढील आयुष्याचा विचार त्या कागदात वंशाच्या विचारामागे पडला.

हे वैगुण्य किती खोल होते हे समजण्यासाठी त्या काळचा कायदा थोडा पाहिला पाहिजे. हिंदू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत आजच्या अर्थाचे मृत्युपत्र नाही. इंग्रजी अमदानीत न्यायालयांच्या द्वारे ते आपल्याकडे रुळले. शास्त्राने विधवेला काही हक्क दिला होता, पण तो मोठा चमत्कारिक होता. विभक्त पुरुष निपुत्रिक वारला तर त्याची मिळकत विधवेकडे जाई. मात्र तिचा हक्क तिच्या हयातीपुरता असे. तिने उत्पन्न खावे, पण जमीन मनास येईल तशी विकू नये. तिच्या मागे ती मिळकत पतीच्या भाऊबंदांकडे परत जावी. शिवाय तिने दत्तक घेतला की त्याच क्षणी मिळकत दत्तकाची होई आणि विधवेच्या हाती केवळ अन्नवस्त्राचा हक्क राही. म्हणजे मांडीवर मुलगा बसला की आईपण मिळे आणि मालकी जाई. मुंबई इलाख्यात विधवेला पतीची स्पष्ट आज्ञा नसतानाही दत्तक घेता येई, आणि कोणता मुलगा घ्यावयाचा यात तिच्या पसंतीला मोठे वजन असे. तिच्या हाती खरी सत्ता काय ती एवढीच होती, आणि ती एकदाच वापरण्याजोगी होती.

१८ जानेवारी १८९८ रोजी ताईमहाराजांना मुलगा झाला. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची सजा झाली होती. ज्याच्या जन्माने सर्व प्रश्न सुटावयाचे, तो मुलगा ९ मार्च रोजी वारला. उणेपुरे पन्नास दिवसांचे ते आयुष्य, पण कायद्याच्या दृष्टीने त्याने मोठा फेरफार करून ठेवला. मुलगा जन्मताच बापाच्या मिळकतीचा वारस झाला होता, आणि मुलगा वारताच त्याची वारस त्याची आई झाली. मृत्युपत्राच्या दृष्टीने मात्र ‘अल्पायुषी मुलगा’ हा प्रसंग आता उपस्थित झाला होता आणि दत्तकाची आज्ञा अमलात आणावयाची होती. एकाच मिळकतीविषयी आता दोन प्रकारे बोलता येत होते. एका बोलण्यात ताईमहाराज या विश्वस्तांच्या सल्ल्याने वागणाऱ्या विधवा होत्या; दुसऱ्या बोलण्यात त्या मुलाच्या मागे मिळकतीच्या वारसदार होत्या. पुढील सर्व भांडणाचे बीज येथेच पडले.

विश्वस्तांनी आपले काम इमानाने केले. कर्ज फेडावयाचे तर खर्च आटोपता घ्यावा लागतो, आणि सरदारी घराण्यातील खर्च आटोपता घेणे म्हणजे कोणाच्या तरी हौसेला व मानाला हात घालणे होय. इस्टेट वाचवण्याची चिंता विश्वस्तांना होती. परंतु ज्या घरात आपण मालकीण म्हणून आलो, त्याच घरात प्रत्येक रुपयासाठी परक्या पुरुषांच्या संमतीकडे पाहावे लागावे, हे एका तरुण विधवेला सुखाचे वाटले असेल असे कोण म्हणेल? दोन्ही बाजूंना न्याय द्यावयाचा तर एवढे मान्य केले पाहिजे की येथे कोणाचीही दानत वाईट असण्याची आवश्यकता नव्हती. चांगल्या माणसांमध्येही तंटा व्हावा अशीच ती रचना होती.

जून १९०१ मध्ये दत्तकाचा विचार पक्का झाला. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेकडे याच घराण्याची एक शाखा नांदत होती. टिळक, खापर्डे आणि स्वतः ताईमहाराज औरंगाबादेस गेले. मुले पाहण्यात आली. जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत पडला. महिन्याच्या अखेरीस तेथे जे घडले, त्याविषयी पुढे दोन अगदी भिन्न कथा सांगण्यात आल्या. विश्वस्तांचे म्हणणे असे की मुलगा विधिपूर्वक देण्यात आला, ताईमहाराजांनी तो मांडीवर घेतला आणि दत्तक पूर्ण झाला. ताईमहाराजांचे म्हणणे असे की बोलणे झाले असेल, दत्तक झाला नाही. मंडळी पुण्यास परतली आणि काही आठवड्यांतच वारे फिरले. २९ जुलै रोजी ताईमहाराजांनी जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज केला. विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करावे, कारण मुलगा जन्मताच मिळकत त्याची झाली व विश्वस्तांचा अधिकार संपला, असा त्याचा आशय होता. ऑगस्टात त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराज यांना दत्तक घेतले. कोल्हापूर दरबारचा कलही या दुसऱ्या दत्तकाकडे होता. एका घराण्याचे नाव चालावे म्हणून ज्याने कागद केला, त्याच्या घराण्याला आता दोन मुलगे झाले, आणि दोघांपैकी खरा कोण हे ठरवण्याचे काम न्यायालयाकडे गेले.

यानंतर जे घडले त्याचा तपशील मोठा आहे. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी ३ एप्रिल १९०२ रोजी प्रोबेट रद्द केले आणि तेवढ्यावर न थांबता खोटी साक्ष, बनावट कागद इत्यादी आरोपांखाली टिळकांना फौजदारी न्यायालयाकडे पाठवले. प्रोबेटचा निकाल हायकोर्टाने पुढे फिरवला, परंतु फौजदारी चालूच राहिली. २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी व दंड झाला. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स न्यायाधीशांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. अखेर ४ मार्च १९०४ रोजी हायकोर्टाने टिळकांना निर्दोष म्हणून मुक्त केले.

फौजदारी संपली तरी मुख्य प्रश्न राहिलाच होता: औरंगाबादेस दत्तक झाला की नाही? दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली जगन्नाथाचा दत्तक खरा ठरवला. १९१० साली हायकोर्टाने तो निकाल उलटवला. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. पुढचे अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, आणि २६ मार्च १९१५ रोजी तेथील न्यायाधीशांनी हायकोर्टाचा निकाल रद्द करून औरंगाबादचा दत्तक कायम केला. लॉर्ड शॉ यांनी दिलेला हा निकाल भारतातील न्यायालयांत पुढेही प्रमाण मानला गेला. साक्षीदाराने पूर्वी अन्यत्र दिलेल्या जबानीच्या आधारे त्याला खोटे पाडावयाचे असेल तर त्यातील विसंगती त्याच्यापुढे ठेवून खुलासा करण्याची संधी त्यास दिली पाहिजे. सभ्य गृहस्थांनी कट करून खोट्या शपथा घेतल्या असा निष्कर्ष त्यांना तसा प्रश्नही न विचारता काढता येणार नाही, हे तत्त्व त्यात ठळकपणे मांडले आहे. त्याचप्रमाणे, मुलगा त्याच गोत्रातील असेल तर दत्तहोम झाला नाही म्हणून दत्तक अपुरा ठरत नाही. देणे आणि घेणे हेच दत्तकाचे मर्म होय, हेही त्या निकालाने स्पष्ट केले.

कायद्याच्या ग्रंथांत या निकालाला मानाचे स्थान मिळाले. परंतु घराण्याच्या हाती काय लागले? ताईमहाराज १९०३ सालीच वारल्या. आपण म्हटले ते खरे ठरले की खोटे, हे त्यांना कधी कळले नाही. १९०१ साली ज्या मुलाला कोणाच्या मांडीवर दिले असे म्हणतात, त्याचे सारे बालपण ‘तू या घरचा आहेस की नाहीस’ या प्रश्नाच्या छायेत गेले. समोरच्या पक्षालाही तीच चौदा वर्षे अनिश्चिततेत काढावी लागली. कर्ज फेडण्यासाठी ज्या इस्टेटीत काटकसर चालली होती, तिच्याच हक्कासाठी पुण्यापासून लंडनपर्यंत वकील उभे राहिले. शिवाय कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश हद्दीतील न्यायालयाचा हुकूम तेथील मिळकतीला आपोआप लागू होत नव्हता. तेव्हा लंडनचा निकाल लागूनही प्रकरण पुरते संपले नाही. जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईस गेले, ते याच प्रकरणाच्या शिल्लक राहिलेल्या एका कामासाठी. तेथेच ते आजारी पडले आणि १ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. मित्राला दिलेला शब्द त्यांनी तेवीस वर्षे, अक्षरशः मरेपर्यंत, पाळला.

या कहाणीत टिळकांची निष्ठा उठून दिसते आणि ती दिसावी हे योग्यच आहे. परंतु सर्व न्यायालयांनी मिळून जो प्रश्न विचारला तो एवढाच होता, की औरंगाबादेस त्या दिवशी एका विधवेने एक मुलगा मांडीवर घेतला किंवा नाही. ती काही आठवड्यांतच का फिरली, हे ठरवणे हे न्यायालयाचे मुख्य काम नव्हते. कोणी म्हणाले, कारभाऱ्यांनी तिचे कान भरले. कोणी म्हणाले, ती चंचल होती. ती खरी असोत वा खोटी, या कारणांखाली एक साधे कारण झाकले गेले. ज्या कृत्याने आपली उरलीसुरली मालकी कायमची जावयाची, ते कृत्य दुसऱ्यांच्या विचाराने, दुसऱ्यांनी निवडलेल्या वेळी करावयाचे, हे कोणत्याही माणसाला जड जाईल. लंडनच्या न्यायाधीशांनी तिचे म्हणणे अमान्य केले. परंतु तिची अडचण खोटी होती असे त्यामुळे ठरत नाही. मृत्युपत्रात तिच्यासाठी एखादे घर, एखादे शेत, ठराविक नेमणूक स्वतंत्रपणे तोडून दिली असती, आणि दत्तक आला तरी हे तुझे राहील असे दोन ओळींत लिहिले असते, तर कदाचित औरंगाबादचा मुलगा निर्वेधपणे त्या वाड्यात वाढला असता.

काळाने ती अडचण ओळखली, पण त्याला बरीच वर्षे लागली. १९३७ सालच्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरताच. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मर्यादित मालकी नष्ट करून ती पूर्ण केली, आणि विधवा, मुलगा, मुलगी व आई यांना एका पंक्तीला बसवले. त्याच वर्षीच्या दत्तकविषयक कायद्याने असे ठरवले की दत्तक येण्यापूर्वी ज्याच्याकडे जी मिळकत आली असेल, ती दत्तकामुळे त्याच्याकडून काढून घेतली जाणार नाही. ज्या एका नियमापायी पंडितांच्या घरात चौदा वर्षे आग धुमसली, तो नियम या एका वाक्याने गेला. २००५ साली मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क मिळाला.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की आता मृत्युपत्र लिहिणारावरची जबाबदारी कमी झाली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कायद्याने नेमून दिलेले हे हिस्से मुख्यतः, माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर लागू होतात. स्वतःच्या मालकीची मिळकत, किंबहुना एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्साही, मृत्युपत्राने वाटेल त्यास देण्याची मुभा १९५६ च्या कायद्याने कायम ठेवली आहे. म्हणजे कायद्याने जे पत्नीला किंवा मुलीला दिले, ते एका कागदाने काढून घेता येते. लेखणी अजून गृहस्थाच्याच हाती आहे, आणि बाबामहाराजांच्या कागदातील उणीव आजही कोणाच्याही कागदात राहू शकते.

तेव्हा या प्रकरणावरून सुज्ञ गृहस्थाने काय बोध घ्यावा? पहिली गोष्ट, मृत्युपत्र प्रकृती धडधाकट असताना करावे. मरणाच्या दिवशी केलेला कागद खरा असला तरी त्याभोवती संशय जमण्यास वेळ लागत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालच्या एका प्रसिद्ध निकालात सांगितले आहे की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. दुसरी गोष्ट, १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदार लागतात. ते करणाराला ओळखणारे, शक्य तर वयाने त्याच्याहून लहान, आणि मिळकतीत ज्यांचा काही लाभ नाही असे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केल्याने पुराव्याला बळकटी येते. तिसरी गोष्ट, प्रत्येक जमीन, घर व देणे स्वतंत्रपणे आणि स्पष्ट लिहावे. ‘सर्वांच्या विचाराने’ हे शब्द लिहिताना सर्वांचे विचार न जुळल्यास काय करावयाचे तेही लिहावे.

ह्या तीन गोष्टी कोणताही वकील सांगेल. चौथी गोष्ट मात्र वकिलाच्या कचेरीत सहसा बोलली जात नाही. ज्या माणसाचे जीवन त्या कागदाने सर्वांत अधिक बदलणार, त्याला तो कागद आपल्या हयातीतच, समोर बसवून वाचून दाखवावा. ती पत्नी असेल, अविवाहित मुलगी असेल, विधवा सून असेल, किंवा दूर शेतावर राबणारा भाऊ असेल. वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. तेथे जो प्रश्न उमटेल, त्याचे उत्तर त्याच दिवशी देता येते. पुढे ते कोणालाही देता येत नाही.

बाबामहाराजांना तेवढा अवकाश नियतीने दिला नाही. त्यांच्या हाती एकच दिवस होता आणि त्या दिवसात त्यांनी वंशाची व जमिनीची चिंता वाहिली. ज्यांच्या हाती अजून पुष्कळ दिवस आहेत, त्यांनी लोखंडी पेटीतील कागद एकदा बाहेर काढून पाहावा, आणि त्यात जमिनीचे सर्वे नंबर जितक्या काळजीने लिहिले आहेत, तितक्याच काळजीने मागे राहणाऱ्या माणसांचाही विचार केला आहे ना, एवढे तपासावे.